दप्तर भिजलं

"त्यानं राहायचं की मी राहायचं, भंतेजी? आज ठरवून टाका."

थोरले भंतेजी उन्हात बसले होते. मांडीवर चीवर पसरलेलं. पावसाळा सरला की टेकडीवरचं गवत वाळतं आणि फिरून आलेल्या माणसाच्या कपड्याला कुसळं चिकटतात. भंतेजी ती एकेक करून काढत होते.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण तो?"

"सुगत. केवळराम रामटेक्यांचा मुलगा. शिबिराला आलाय बापाबरोबर."

"बस ना."

त्यांचा शिष्य शीलरत्न बसला नाही. त्याच्या उजव्या मनगटावर दातांच्या ताज्या खुणा होत्या. त्या त्याने चिवराखाली झाकल्या.

तलावाकाठच्या टेकडीवरचा हा विहार तसा लहान. पण शीलरत्नच्या ध्यान-शिबिरांमुळे त्याचं नाव नागपूरपर्यंत गेलं होतं. सकाळी तो आसनावर बसला की जेवणवेळेपर्यंत हलत नसे. गालावर माशी बसली तरी पापणी लवत नसे. काही लोक तर नुसतं ते बघायला येत. आणि लोक बघायला येतात, हे शीलरत्नला माहीत होतं.

"त्यानं शिबिर मोडलं, भंतेजी."

"काय पाहिलंस?"

"हट्टी आहे. शिस्त म्हणून नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा घोडा आणि..."

"काय पाहिलंस, असं विचारलं."

दुसऱ्यांना शीलरत्न रोज हेच शिकवत असे. जे आहे ते पाहा. नाव देऊ नका.

"पाहिलं ते असं..." तो सावकाश बोलू लागला. "तो पुढे-मागे डोलत होता. घशातून एक सूर लावून गुणगुणत होता. मी दोनदा सांगितलं, स्थिर बस. थांबला नाही. मग घंटा झाली. तो कानांवर हात दाबून ओरडायला लागला."

"मग?"

"मी त्याचे हात धरले."

"का?"

"शांत व्हावा म्हणून."

"झाला?"

"... चावला. मग डोकं जमिनीवर आपटायला लागला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. आणि तोंडानं एकच. दप्तर भिजलं, दप्तर भिजलं. काहीतरी बडबड. अर्थ नाही त्याला."

भंतेजींच्या बोटांत एक कुसळ होतं. ते त्यांनी उजेडात धरून पाहिलं.

"अर्थ नाही, की तुला लागला नाही?"

शीलरत्नने चीवर मनगटावर आणखी ओढून घेतलं.

"आता कुठे आहेत ते?"

"खाली, पायऱ्यांशी. मी त्यांना दुपारच्या बसनं जायला सांगितलंय. पण बाप म्हणतो, एकदा मोठ्या भंतेजींना भेटू द्या. म्हणून विचारायला आलो. तुम्ही त्याला ठेवून घेणार असाल तर शिबिरं दुसऱ्या कोणाकडे द्या."

"बस. जवळ बस. मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय."

शीलरत्न बसला. पाठ ताठ, हात मांडीवर.

भंतेजींनी काढलेली कुसळं मुठीत घेतली. शिष्याच्या मानेमागे चीवर जरा ओढलं आणि मूठ आत सोडली.

"भंतेजी..."

"हलू नकोस. नीट ऐक. माझं वय झालं. माझ्यामागं हा विहार कसा चालवायचा, ते तुला आज सांगून ठेवतो. पुन्हा सांगणार नाही."

आणि ते सांगत राहिले. हळू आवाजात, बराच वेळ.

कुसळ स्थिर राहत नाही. अंग जरा तापलं की ते पुढे सरकतं आणि आत घुसतं. शीलरत्नच्या पाठीवर जणू कुणी शेकडो सुया टोचत होतं. पण तो शीलरत्न होता. तो हलला नाही. कपाळावर घाम आला, जबडा आवळला गेला, तरी पाठीचा कणा तसाच.

भंतेजी थांबले.

"काय सांगितलं मी?"

"..."

"एखादी गोष्ट?"

शीलरत्नचा चेहरा उतरला. भंतेजींचे ओठ हलताना त्याने पाहिले होते. शब्द एकही आत पोचला नव्हता. सगळं बळ न हलण्यात खर्ची पडलं होतं.

"हलला नाहीस. चांगलं जमलं." भंतेजी म्हणाले. "आता हल."

शीलरत्न उठला. त्याने चीवर झटकलं, पाठ भिंतीला घासली, खांदे हलवले, पुन्हा घासली. लाज वाटावी इतका वेळ तो हलत राहिला.

मग खाली बसला.

"आता ऐकू येईल," भंतेजी म्हणाले, पण पुन्हा काही सांगितलं नाही. काठी घेऊन ते पायऱ्यांकडे निघाले; शीलरत्न मागोमाग.

केवळराम एका पत्र्याच्या पेटीवर बसला होता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेला माणूस. आता निवृत्त, बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. बाजूच्या झाडाखाली सुगत. भर उन्हाळ्यासारख्या त्या उन्हात त्याने अंगाभोवती जाड गोधडी गुंडाळली होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं. तो पुढे-मागे डोलत होता आणि तोच एक सूर घशात फिरत होता.

भंतेजींना पाहून केवळराम गडबडीने उठला, हात जोडले.

"बसा. ... केवळरामजी, दप्तर भिजलं म्हणजे काय?"

केवळराम दचकला. आजवर कुणी हे विचारलं नसावं.

"तो बोलला का जी ते? सकाळी?"

"बोलला."

केवळरामने शीलरत्नकडे एकदा पाहिलं, लगेच नजर खाली घेतली.

"लहानपणची गोष्ट हाय जी. शाळेत होता. बोलता येत नव्हतं धड, म्हून पोरं त्रास देत. एक दिवस त्याचं दप्तर पाण्याच्या टाक्यात टाकलं. हा ओरडाले लागला, तं बाईनं यालेच वर्गाबाहेर उभं केलं. मी घ्याले गेलो. ओलं दप्तर छातीशी धरून उभा होता. मी म्हणलं, अरे सुगत, दप्तर भिजलं..."

तो थांबला. उपरण्याने तोंड पुसलं.

"तेच वाक्य लागलं जी त्याच्या हाताले. भेव वाटलं, दुखलं, कोणी जबरी केली... त्याच्यापाशी दुसरं वाक्य नाही. हेच हाय. दप्तर भिजलं."

शीलरत्न स्वतःच्या हातांकडे पाहत होता. सकाळी ज्या हातांनी त्याने सुगतची मनगटं धरली होती, त्या हातांकडे.

"घंटेला भ्याला का तो?" भंतेजींनी विचारलं.

"घंटा तं हायच. पण आधीपासूनच बिघडला होता जी. तुमच्या तिथं भिंतीवर लाइटची नळी हाय ना, ते आवाज करते."

"कोणती नळी? ती तर नवीन आहे," शीलरत्न म्हणाला. "तिचा आवाज येत नाही."

"आपल्याले नाही येत. त्याले येते. त्यात पंख्याचा आवाज, कोणाच्या अंगाले लावलेल्या बामाचा वास. सगळं एकदमच अंगावर येते त्याच्या. डोलला म्हंजे जरा सावरते. तो सूर लावते ना, तो बाकीचं झाकाले लावते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ऑटिझम म्हणते जी. मराठीत स्वमग्न. जन्मापासून असते. आजार नाही म्हणे, का औषध देल्लं अन् गेला. मेंदूची घडणच तशी."

"स्वमग्न..." भंतेजींनी शब्द तोंडात घोळवला. "स्वतःत बुडालेला?"

"तसंच लिहून देल्लं हाय."

"शीलरत्न, त्या नळीचा आवाज तुला कधी ऐकू आला?"

"नाही, भंतेजी."

"त्याला आला."

झाडाखाली सुगत डोलत होता.

मग भंतेजींनी विचारलं, "शिबिराला का आणलंत त्याला?"

"शिबिराले नाही आणलं जी." केवळरामचा आवाज बारीक झाला. "माही बायपास सांगतली हाय. नागपूरले. तारीख भेटली. दीड-दोन महिने तं जातील. बहीण हाय कामठीले, ते म्हणते, खोलीत कडी लावून ठेवीन. कडी लावली तं हा डोकं फोडून घेईन. म्हून म्हटलं, विहारात इचारावं. शांत जागा हाय. आल्या दिवशीच सांगत होतो या भंतेजीले. पण हे म्हणाले, इथं मौन हाय, बोलू नका."

शीलरत्नने मान खाली घातली.

खालच्या वळणावर बस दिसली. धूळ उडवत ती टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुगतचे हात कानांवर गेले. केवळराम उठला, पेटी खांद्यावर घ्यायला वाकला आणि छातीवर हात धरून तसाच थांबला.

शीलरत्नने भंतेजींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? माझ्यामागं विहार तुलाच चालवायचाय."

"थांबा," शीलरत्न केवळरामला म्हणाला.

तो झाडापाशी गेला. सुगतच्या अगदी समोर गुडघे टेकून बसला.

"सुगत, मी सकाळी चुकलो. मला माफ कर. तू इथंच राहा. बाबा दवाखान्यात जाऊन येतील. घाबरू नकोस हं. इथं तुला कुणी काही करणार नाही. इकडे बघ. माझ्याकडे बघ ना..."

सुगतचं डोलणं वाढलं. सूर चढला. त्याने तोंड पूर्ण फिरवून घेतलं.

"कमी बोला जी," केवळराम मागून म्हणाला. "अन् समोरून नका. बाजूनं बसा. तो पाहत नसला तरी ऐकते."

शीलरत्न उठला. हातभर अंतर सोडून सुगतच्या बाजूला, त्याच्यासारखाच तलावाकडे तोंड करून बसला. इतक्या लोकांना इतके दिवस प्रवचनं देणारा माणूस, एक वाक्य शोधत राहिला.

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

"घंटा वाजणार नाही," शीलरत्न म्हणाला.

सुगतने पाहिलं नाही. डोलत राहिला. वारा आला, झाडाची दोन पानं गळून गोधडीवर पडली. ती त्याने उचलून बाजूला ठेवली.

"घंटा वाजणार नाही," सुगत म्हणाला. आवाज हुबेहूब शीलरत्नचा होता.

बस निघून गेली. केवळराम पेटीवर बसला आणि मग त्याला रडू आवरेना.

केवळराम आणखी काही दिवस राहिला. शीलरत्न त्याच्या मागे-मागे फिरून विचारत होता. सुगत काय खातो? भात, साधं वरण, पण दोन्ही वेगळ्या वाट्यांत, एकमेकांना लागता कामा नये. गोधडी कशाला? अंगावर वजन असलं की त्याला बरं वाटतं. पाठीवर सहज हात फिरवला तर? दचकतो. आधी सांगावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढं काय होणार ते त्याला आधी कळायला हवं. अचानक बदललं की त्याच्या पायाखालची जमीनच जाते.

"बोलून समजत नाही का?"

"समजते. पण बोललेलं उडून जाते जी. चित्र डोळ्यापुढं राहते."

मग शीलरत्नने पुठ्ठ्यावर चित्रं काढली. अंघोळ, पाठ, जेवण, तलाव, झोप. ओसरीत दोरी बांधून ती ओळीने लावली. चित्रकलेत त्याचा हात यथातथाच. अंघोळीची बादली भोपळ्यासारखी दिसत होती. एक काम झालं की सुगत ते चित्र उलटं करून ठेवी. भोपळ्याचं चित्र मात्र तो अंघोळीआधीच उलटं करू लागला. अंघोळ टाळायची त्याची ही युक्ती होती. ती शीलरत्नला बऱ्याच उशिरा कळली, आणि कळली तेव्हा तो इतका हसला की थोरले भंतेजी बाहेर आले.

घंटेच्या जागी आता एक उपासक दारात उभा राहून पांढरा रुमाल हलवी. नळी काढून पिवळा दिवा लावला. सुगतची जागा सभागृहाच्या मागच्या दाराशी, म्हणजे नको वाटलं तर कुणाला न विचारता बाहेर पडता येईल.

केवळराम नागपूरला निघाला तो दिवस वाईट गेला. चित्र आधीच लावलं होतं. बस, आणि बसमध्ये बाबा. सुगतने ते सकाळपासून कितीदा तरी पाहिलं. पण बस वळणाआड गेली आणि तो पायरीवर बसला.

"दप्तर भिजलं."

शीलरत्न पळत आला होता. त्याच्या ओठांवर आलं होतं, रडू नको, बाबा लवकर येतील. ते त्याने गिळलं. हातभर अंतर सोडून तो बसला.

"हो," तो म्हणाला. "भिजलं."

सुगतने मान किंचित वळवली. बघितलं नाही, पण वळवली. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं तिथंच होते.

काही आठवड्यांनी शीलरत्न थोरल्या भंतेजींकडे आला. चेहरा उजळलेला.

"भंतेजी, आज सुगत अख्खा तास स्थिर बसला. सगळ्यांबरोबर. डोलला नाही, सूर लावला नाही. लोक चकित झाले."

"कसा काय?"

"मी सांगितलं होतं, हलला नाहीस तर तलावावर नेईन. तलाव त्याला फार आवडतो."

"मग गेलात तलावावर?"

"नाही..." शीलरत्न जरा अडखळला. "तो घामाने भिजला होता. खोलीत गेला आणि गोधडीत शिरला. जेवायलाही उठला नाही."

भंतेजी त्याच्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे. पाहत राहिले एवढंच.

"शीलरत्न, तो तास कुणाचा होता?"

शीलरत्नचा हात नकळत स्वतःच्या मानेमागे गेला.

त्या संध्याकाळी तो सुगतच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसला. आत गेला नाही. बाहेर एक चित्र ठेवलं, तलावाचं. बऱ्याच वेळाने गोधडीतून एक हात आला आणि त्याने ते चित्र आत ओढून घेतलं.

पुढच्या शिबिरात वर्ध्याहून आलेले एक साधक तक्रार घेऊन आले. मागे कुणीतरी गुणगुणतो, लक्ष लागत नाही. शीलरत्न म्हणाला, "हो, गुणगुणतो. तुम्हाला पुढची जागा देतो." एवढंच. साधक थोडा वेळ थांबले, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. मग पुढे जाऊन बसले.

एका दुपारी खालच्या गावात मिरवणूक निघाली. डीजे इतका मोठा की विहाराची दारं थरथरत होती. हे कुठल्याच चित्रात नव्हतं. कुणालाच आधी कळलं नव्हतं.

शीलरत्न धावत खोलीकडे गेला. खोली रिकामी. गोधडी दारात पडलेली.

लोक चारी बाजूंना सुटले. "सुगत! सुगत!" अशा हाका सुरू झाल्या.

"हाका मारू नका!" शीलरत्न ओरडला आणि स्वतःच्या आवाजाने स्वतःच दचकला. मग हळू म्हणाला, "कुणी हाका मारू नका. आवाजापासूनच पळालाय तो."

तो तलावाकडे पळाला.

सुगत पाण्यात होता. छातीइतक्या पाण्यात, काठापासून बराच आत. शीलरत्न बघतोय तोवर त्याचं डोकं पाण्याखाली गेलं.

चीवर अंगावर तसंच असताना तो पाण्यात शिरला. खालचा चिखल पाय धरत होता.

डोकं वर आलं. सुगतने श्वास घेतला. पुन्हा खाली गेला.

शीलरत्न त्याच्यापर्यंत पोचला. हात पुढे झाला. धरावं आणि ओढत काठावर न्यावं... हात तिथंच थांबला. सुगत बुडत नव्हता. तो कान बुडवत होता.

शीलरत्न त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. मग त्यानेही श्वास भरून डोकं पाण्याखाली घातलं.

आत शांत होतं. डीजे कुठेतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात वाजत होता.

असे किती वेळ दोघं पाण्यात होते कोण जाणे. काठावर माणसं जमली होती. थोरल्या भंतेजींनी काठी आडवी धरून सगळ्यांना मागे उभं केलं होतं. मिरवणूक शाळेपलीकडे गेली, आवाज उतरत गेला.

"आवाज गेला," शीलरत्न म्हणाला.

"आवाज गेला," सुगत म्हणाला, आणि काठाकडे चालू लागला.

थंडीने शीलरत्नचे दात वाजत होते. काठावर कुणीतरी सुगतची गोधडी उचलून आणली होती; ती त्याने घेतली, गुंडाळून घेतली. मग ओसरीत जाऊन तलावाचं चित्र उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी शीलरत्न गावात मंडळाच्या पोरांना भेटायला गेला. आधी त्यांना वाटलं, भंतेजी भांडायला आले. तो भांडला नाही. काल काय झालं ते सांगितलं. यापुढे टेकडीखालून जाताना डीजे बंद ठेवू आणि मिरवणूक असली की आधी कळवू, असं पोरांनी कबूल केलं. दगडखाणीत काम करणाऱ्या एकाने कान झाकायची ती जाड टोपणं आणून दिली. पहिले काही दिवस सुगतने त्यांना हात लावला नाही. मग एका सकाळी ती त्याच्या कानांवर दिसली.

केवळराम परत आला तेव्हा थंडी पडली होती. तो अर्धा झाला होता. पायऱ्या चढताना तीनदा बसला. छातीवरची शिवण जपत, हळूहळू.

सुगत ओसरीत होता. चित्र आधीच लावलेलं होतं. बाप दिसल्यावर तो उठला, त्याच्या भोवती एक फेरी मारली, त्याच्या सदऱ्याचा वास घेतला. दवाखान्याचा वास आला असावा. नाक मुरडलं. मग शेजारी बसून डोलायला लागला. नेहमीपेक्षा मोठ्या झोकात. सूरही वरचा.

"खुश हाय जी," केवळराम म्हणाला.

"हो," शीलरत्न म्हणाला. "कळतंय."

निघायच्या दिवशी केवळराम थोरल्या भंतेजींच्या पाया पडला आणि उठलाच नाही. तसाच खाली बसून राहिला.

"आणखी काही विचारायचंय?"

"हाव जी." त्याने सुगतकडे पाहिलं. तो पेटीशी उभा होता, कानांवर टोपणं लावून, बसच्या चित्राकडे बघत. "ह्या वेळेस वाचलो. पुढच्या वेळेस नाही वाचलो तं? ... माह्यामागं याचं काय जी?"



हा प्रश्न केवळराम कित्येक वर्षं कुणालाच विचारू शकला नव्हता. विचारला की लोक म्हणत, सगळं ठीक होईल. आता तो भंतेजींच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्यांनीही तेच म्हणू नये अशी त्याची इच्छा दिसत होती.

भंतेजींनी तसं म्हटलं नाही.

"मी तर तुमच्याही आधी जाईन, केवळरामजी," ते म्हणाले. "माझा काही भरवसा धरू नका."

केवळरामने मान हलवली. खरं ते खरं.

भंतेजी बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "शीलरत्न."

"जी."

"तुझं भिक्षापात्र घे. यांच्याबरोबर बसमध्ये बस. यांच्या गावात विहार आहे, तिथं मुक्काम कर. सकाळ-संध्याकाळ सुगतच्या घरी जात जा."

शीलरत्न गोंधळला. "पुढचं शिबिर जवळ आलंय, भंतेजी. लोकांनी नावं दिली आहेत."

"मी बसवीन त्यांना."

"किती दिवस राहू?"

"ते सुगतला ठरवू दे."

"पण तिथं जाऊन मी त्याला शिकवू काय? इथं सगळं व्यवस्थित बसलंय. चित्रं आहेत, दिवा आहे, जागा आहे..."

खाली बस आली होती. सुगत पायऱ्या उतरायला लागलाही होता.

भंतेजींनी शीलरत्नचं पात्र उचलून त्याच्या हातात दिलं.

"तो आपल्या विहारात राहायला शिकला," ते म्हणाले. "आता त्याच्या घरात राहायला शिकायची तुझी पाळी."